बागायतदाराच्या पिशवीत विकतचं माळवं



काल आठवडी बाजारात गेलो होतो. माळवं घ्यायला नव्हे, खुरप्याला धार लावून घ्यायला. लोहाराकडं नंबर होता म्हणून शेजारच्या भाजीवालीच्या पालाजवळ उभा राहिलो आणि अर्धा तास नुसता बघत बसलो. आमच्याच गावचे चार जण आले. चौघांचाही ऊस कारखान्याला जातो, एकाचं तर सहा एकर आहे, दारात ट्रॅक्टर आहे, नदीवर मोटर आहे. चौघांनी काय घेतलं? मेथीच्या दोन पेंड्या, कोथिंबीर, मुळा, कांदापात. एकानं कढीपत्ता घेतला. कढीपत्ता! ज्याच्या विहिरीवर बारमाही पाणी वाहतंय त्याच्या घरात कढीपत्त्याचं एक झाड नाही.

भाजीवाली कुठली? वरच्या कोरडवाहू वाडीची. दहा-बारा गुंठ्यावर डोक्यावरनं पाणी नेऊन माळवं करते आणि ते खाली नदीकाठच्या बागायतदारांना विकते. आता सांगा, ह्यात श्रीमंत कोण?

रागावू नका. मीही पाच-सहा वर्षांमागं त्याच रांगेत होतो. म्हणूनच लिहितोय.

आपल्या कोल्हापुरात "बागायतदार" ह्या शब्दाला एक ऐट आहे. राधानगरीचं धरण झालं, नद्यांवर बंधारे झाले, उपसा योजना झाल्या आणि पंचगंगा-भोगावती-दूधगंगेच्या काठाला ऊस भिडला. उसानं पोरं शिकली, घरं झाली, हे मी नाकारत नाही. पण त्याबरोबर एक भलतंच डोक्यात बसलं, की ऊस म्हणजे शेती आणि माळवं म्हणजे किरकोळ काम. बायकांचं काम. म्हाताऱ्यांचं काम. "आमच्यात कोण बसतंय मेथी उपटत?" असं अभिमानानं सांगणारे मी बघितलेत. अरे मर्दा, खायला बसतोस की!

पूर्वी असं नव्हतं. माझ्या आज्ज्याच्या उसात पाटाच्या कडंला मुळा-कोथिंबीर असायची, बांधाला पावटा आणि तूर, सरीच्या तोंडाला मका, लागणीच्या उसात कांदा-लसूण. पूर्वहंगामी लागणीत हरभरा, कांदा, कोबी-फ्लॉवर आंतरपीक घ्या, हे कृषी विद्यापीठही सांगत आलंय आणि ते काही नवीन शोधून सांगत नाही, म्हातारी माणसं तेच करत होती. मग ते गेलं कुठं? माझ्या मते दोन गोष्टींनी घालवलं. एक ही ऐट. आणि दुसरं तणनाशक.

ह्यावर जरा थांबतो, कारण ह्या पानावर कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मंडळीही वाचतात, त्यांनी मला चूक असेल तर दुरुस्त करावं. उसात आपण काय मारतो? अ‍ॅट्राझीन, मेट्रीब्युझीन आणि टू-फोर-डी. टू-फोर-डी हे रुंद पानाचं तण मारायचं औषध. ऊस गवताच्या कुळातला म्हणून तो वाचतो. पण माळवं जवळजवळ सगळं रुंद पानाचंच! टोमॅटो, वांगी, मेथी, पावटा, हरभरा. वाऱ्याबरोबर नुसता फवारा आला तरी टोमॅटोचे शेंडे दोरीसारखे पिळवटतात. आणि अ‍ॅट्राझीन जमिनीत बराच काळ राहतं, त्या जागी लगेच हरभरा किंवा भाजी टाकली तर उगवून पिवळी पडते. म्हणजे आपण उसाला वाचवता वाचवता बांधावरचं सगळं माळवं मारून टाकलं आणि नंतर म्हणायला लागलो, "आमच्या रानात भाजी येतच नाही."

गेल्या जानेवारीत माझ्या टोमॅटोवर शेजारच्या रानातनं असाच फवारा आला. बारा-पंधरा झाडं गेली. भांडायला निघालो होतो. निम्म्या वाटेत आठवलं, की ह्याच बांधावर मी स्वतः दहा वर्षं ते औषध मारलंय, आणि तेव्हा पलीकडच्या म्हातारीची वांगी का गेली हे मला कुणी विचारलं नव्हतं. गेलो, चहा पिऊन आलो. आता आमचं ठरलंय: वारं पडलेलं असताना मारायचं, नोझल खाली धरायचं, आणि आधी सांगायचं. आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा बाबांनो. धुतलेल्या पंपातही माळवं जाळायला पुरेल एवढं राहतं.

आता मूळ गोष्ट. मी ह्या एका गुंठ्याकडं कसा आलो ते.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूर-सांगलीत कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी धरतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. माझा आडसाली ऊस शेंड्यापर्यंत बुडाला आणि बरेच दिवस पाण्याखाली राहिला. पाणी उतरलं तेव्हा पोंगे कुजलेले, कांड्यांना पांगशा फुटलेल्या, सगळ्या रानावर गाळाचा राखाडी थर आणि वास. तो वास अजून नाकात आहे. पुन्हा ऑक्टोबरातही पाऊस थांबेना. दिवाळीपर्यंत जे जमलं ते काढलं, उरलेलं बाहेर ओढून टाकलं आणि डिसेंबरात रान मोकळं. आयुष्यात पहिल्यांदा थंडीत माझ्या रानात काही नव्हतं.

मी रानात जायचं सोडलं. जाऊन करायचं काय? सकाळी दहापर्यंत अंथरुणात, मग कट्ट्यावर, मग मोबाईल. घरात कुणी बोललं की तोडून बोलायचो. पंचनाम्याचं काय, कर्जाचं काय, पुढच्या लागणीला बेणं कुठनं, तेच तेच डोक्यात फिरायचं. लोक म्हणायचे, "पुरात घावलाय, होईल नीट." झालं नाही. डिसेंबर गेला.

आईनं काही समजूत घातली नाही. एक दिवस सकाळी सातला, चांगला गारठा असताना, माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "परसात दोन वाफं केल्यात, मेथी टाकल्या. माझ्यानं आता बादली उचलत न्हाई. तू न्हाई भिजवलंस तर वाळूदे." आणि गेली. मी चिडून उठलो. बादली घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. चौथ्या-पाचव्या दिवशी मेथीचे कोंब वर आले होते, वाकलेले, डोक्यावर टरफल घेऊन. फार काही वाटलं असं खोटं सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी न बोलावता उठलो, एवढं खरं.

उसाचं आणि माळव्याचं हेच वेगळं आहे. ऊस तुमच्याकडं बारा-पंधरा महिने बघत नाही. तोड कधी येईल ते चिटबॉयच्या हातात, बिल कधी येईल ते कारखान्याच्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे द्या असं लिहिलंय, पण कागदावरचे १४ आणि खिशातले १४ ह्यात किती फरक असतो ते तुम्हाला माहीत आहे. ह्या सगळ्यात शेतकऱ्याच्या हातात काही नसतं, नुसती वाट बघायची. आणि वाट बघणाऱ्या माणसाचं मन कुजतं. मेथी तसं करत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी मागते, महिन्यात ताटात येते. काढली नाही तर फुलावर जाते, तुमच्यासाठी थांबत नाही. खचलेल्या माणसाला अशी न थांबणारी गोष्ट लागते.

मोबाईलवर मन प्रसन्न ठेवायचे व्हिडिओ रोज दहा येतात. कुणीतरी सुटातला माणूस सांगतो, सकारात्मक राहा. अरे, आमच्याकडं डिसेंबराच्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा ११ तास उजेड असतो! युरोप-अमेरिकेच्या उत्तरेकडं थंडीत दुपारी चारला अंधार पडतो, तिथं ह्या उजेडाच्या तुटीनं माणसं उदास होतात. १९८४ साली रोझेन्थाल नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या सोबत्यांनी त्या आजाराला नावही दिलं, आणि उपाय म्हणून ती माणसं सकाळी दिव्यासमोर बसतात. आपल्याकडं तो दिवा फुकट उगवतो आणि आपण दार लावून आत बसतो. आपली उदासी अंधाराची नाही मंडळी. ती रिकाम्या हाताची आहे आणि न आलेल्या बिलाची आहे. बिल मी आणू शकत नाही. हाताला काम मात्र देता येतं.

कामं काय असतात? थंडीच्या एका गुंठ्यात मोठं काम एकही नसतं, आणि तेच बरं आहे. मोठं काम म्हटलं की खचलेला माणूस उठतच नाही. सकाळी उठायचं, कानाला मफलर, हातात चहाचा पेला घेऊन वाफ्यांवरनं एक फेरी. दहिवर असतं तोवर पाल्याला हात लावायचा नाही, ओल्या पानातनं फिरलं की रोग एका झाडावरनं दुसऱ्यावर आपणच नेतो. तोवर लसणातली भांगलण करा, ती जमिनीलगतच असते. मुळ्याची दाटी झाली असेल तर मधली उपटून टाका, ती कोवळी रोपं भाजीला जातात. दहिवर उतरलं की टोमॅटोला काठी बांधा, वाटाणा-पावट्याला काटक्या लावा. ढगाळ हवा आली की मावा येणार, पानाच्या मागं बघत राहा. मी पिवळे चिकट सापळे लावतो आणि ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारतो, अजून दुसरं काही लागलं नाही. वाटाण्यावर भुरी आली तर मात्र गंधक लागतं, ते मी मारतो, उगाच सेंद्रियाचा आव आणत नाही.

मेथी-कोथिंबीर एकदम सगळी टाकू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं एकेक वाफा टाका, म्हणजे थंडीभर पुरते. पालक मुळासकट उपटू नका, कापा, पुन्हा फुटतो. चाकवताचं बी एकदा मिळवा आणि दोन झाडं बियाला सोडा, जन्मात विकत घ्यावं लागणार नाही. हरभरा तीन-चार आठवड्यांचा झाला की शेंडे खुडा, फांद्या वाढतात आणि खुडलेली भाजी घरात. आमची आई अजून हरभऱ्यावर रात्री पांढरं फडकं पसरते, पहाटे दहिवरानं भिजलेलं ते फडकं पिळते आणि आंब धरते. माझ्या पोरानं पहिल्यांदा ते बघितलं, बोट बुडवून चाटलं आणि तोंड असं केलं, की आम्ही सगळे हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकदम हसले होते.

आणि पाचट. उसाचा पाला पेटवणाऱ्यांवर वेगळं लिहायचंय, आज लांबत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाला निघतो आणि आपण त्याला काडी लावतो. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र ओरडून सांगतंय, आपल्याच कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर इतकी वर्षं नांगरणीशिवायची शेती लिहून सांगतायत, तरी संध्याकाळी जिकडं तिकडं धूर. मी खोडव्यात सरीआड पाला दाबतो आणि त्यातलाच चार भारे परसात आणून वांगी-टोमॅटोच्या बुडात पसरतो. थंडीत जमीन उबदार राहते, पाणी निम्म्यावर येतं. गारठ्यात हात शेकायला शेकोटी पाहिजेच, तिला वाळकी तुरकाटी पुरतात. अख्खं रान कशाला?

आता अर्थशास्त्र. माझा एक मित्र कृषी पदवीधर आहे, शहाणा माणूस. त्यानं माझी चेष्टा केली. म्हणाला, "एका गुंठ्याचं कसलं अर्थशास्त्र? छंद आहे तुझा. शेतकऱ्याचे प्रश्न कोथिंबिरीनं सुटत नाहीत." मी वही काढली. आमच्या घरात पाच माणसं. थंडीत आठवड्याला माळव्यावर चारशे ते पाचशे रुपये जायचे. चार महिन्यांचे सोळा आठवडे, म्हणजे साडेसहा ते आठ हजार. आता तोच गुंठा उसाला ठेवा. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला एक टन. टनाला साडेतीन हजार धरा. एकरी ६० टन काढणारा कुणी असेल तर सव्वापाच हजार. तेही वर्षभर ठेवून, आणि खत-पाणी वजा न करता. सांगा आता छंद कुठला आणि धंदा कुठला.

तो म्हणाला, तुझी मजुरी धर. धरतो. रोजचा एक तास. पण तो तास मी आधी कुणाला विकत होतो? कट्ट्यावर फुकट देत होतो. आणि दुसरं, जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाजी खा म्हणते. पाच माणसांना दोन किलो, महिन्याला साठ. बागायतदाराच्या घरात एवढं विकत येतं का? येत नाही. दोन पेंड्या आणतो आणि त्या तीन दिवस पुरवतो. घरातल्या बायकांच्या रक्ताचा रिपोर्ट बघा कधीतरी. मित्रानं पुढं वाद घातला नाही, पण कबूलही केलं नाही. जाताना मात्र पालक घेऊन गेला.

एक गोष्ट त्याची खरी आहे. शेतकऱ्याचे प्रश्न कोथिंबिरीनं सुटत नाहीत. रात्री दोनला लाईट येते म्हणून थंडीत पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला मी "मन प्रसन्न ठेव, मेथी लाव" म्हणणार नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसा दहा तास विजेसाठी शेतकरी इथं महावितरणच्या दारात बसले होते, त्यांचं मागणं रास्तच होतं. सौर वाहिनीनं काही फीडरला दिवसा वीज मिळायला लागली, काहींना अजून नाही. राधानगरी-भुदरगडाकडच्या भावांचं माळवं रात्रीत गवा खाऊन जातो, त्यांचा प्रश्न वेगळा. आणि ज्याला नुसती उदासी नाही, खरंच जगणं नकोसं वाटतंय, त्यानं वाफ्यावर भरवसा ठेवून बसू नये. सरकारचा टेलिमानस नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी त्या हिवाळ्यात हे कुणाला विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं.

पण ज्याच्याकडं पाणी आहे, परस आहे, आणि सकाळचा एक तास कट्ट्यावर जातोय, त्याला माझा सवाल आहेच. परसातलं बायकांचं काम म्हणतोस ना? मग बाजारात पिशवी घेऊन तू का जातोस? आमच्या घरात आता वाफे माझे, बी ठेवायचं आईचं, आणि काय लावायचं ते बायको ठरवते, कारण शिजवायचं काय ते तिला माहीत असतं. पहिल्या वर्षी मी हौसेनं नवलकोल लावला होता. कुणी खाल्ला नाही, म्हशीला घातला.

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. औंदा आमच्या उसाला जी टोळी आलीय ती मराठवाड्याकडची. पालं आमच्या वावरातच ठोकलीत. परवा पहाटे वाडं आणायला गेलो तर एका बाईच्या पालापुढं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात माती भरून लसूण लावलेला. पात वीतभर झालेली. मी विचारलं, ताई, तुम्ही दोन महिन्यांत पुढच्या गावाला जाणार, हे कशाला? ती म्हणाली, "डबा गाडीत बसतो की दादा." आणि ऊस तोडायला गेली.

उद्या शनिवारी परसात पालकाची दुसरी कापणी आहे आणि मेथीचा चौथा वाफा टाकायचाय. चाकवताचं बी वाटीभर जास्तीचं आहे. पाहिजे त्यानं घरी यावं, पुडी बांधून देतो. सकाळी आठपर्यंत या, नंतर मी खोडव्याचे बुडखे छाटायला खालच्या रानात असतो.